भाऊजी, गळती सापडली

नामदेव भाऊजी,

तुमची तेरवी होऊन आज पंधरा दिवस झाले. या पंधरा दिवसांत मी तुमच्याशी जेवढं बोलले, तेवढं गेल्या दोन वर्षांत मिळून बोलले नसेन. आपल्या गॅरेजच्या शेडमध्ये बोलले, वाटेनं चालताना बोलले. परवा तांदूळ निवडता निवडता बोलत होते, तर बाहेरून तुमचा भाऊ विचारतो, "कोन आलं व?" मी म्हटलं, "कोनी नाही, नामदेव भाऊजीशी बोलून राहिली." त्यांनी जाळं खांद्यावर टाकलं अन् बोडीवर निघून गेले. तुम्हाला माहीतच आहे, त्यांना रडू आलं की ते पाण्यावर जातात. मला आलं की मी बोलते.

म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढावं. शाळा चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायाचं. बाकी जे वाचायला शिकले ते गॅसच्या डब्यांवरचं अन् सुट्या भागांच्या पाकिटांवरचं वाचून. चूकभूल झाली तर हसा, पण मोठ्यानं हसू नका.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, "वयनी नागपूरले निघाल्या अन् रायपूरले पोचल्या." अड्याळच्या मधुकरच्या गाडीच्या एसीतली गळती सापडली. तुम्ही म्हणत होते तिथं नव्हती. मी म्हणत होते तिथंही नव्हती. तुमच्या तेरवीच्या पंगतीत कोणीतरी द्रोण पुढं सरकवत म्हणालं होतं, "उस्ताद भला मानूस, पन आखरी काम फसलं." मी वाढत होते. हातातली वरणाची बादली तशीच राहिली. तुमचं शेवटचं काम फसलेलं राहावं, अन् त्या फसलेल्या कामातच मी तुम्हाला बोललेला शेवटचा शब्द अडकून राहावा, हे मला काही पचेना. त्याच घडीला ठरवलं, शेड उघडायचं.

पण सापडली कुठं, ते लगेच सांगणार नाही. घाई तुम्हाला असायची, मला कधी नव्हती.

पहिला दिवस आठवतो का? तुमची कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून तुमचा डबा माझ्याकडं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण अन् सुक्या झिंग्यांची चटणी घेऊन मी शहापूरच्या हायवेवर तुमच्या पत्र्याच्या शेडात आले. तुम्ही सिमेंटच्या टाक्यावर ओणवे. टाक्यात गाडीच्या एसीची ती चपटी जाळी बुडवलेली. कंडेन्सर म्हणतात हे मला तेव्हा कुठं माहीत! मला वाटलं, दिरानं मासे धरायचं काही नवं काढलं. एका नळीनं तुम्ही तिच्यात दाबाची हवा सोडली होती अन् कुठून बुडबुडा येतो ते पाहत होते.

"दोन दिस झाले, वयनी. गॅस भरला का पंधरा दिसात खाली. लीकेज हाये, पन दिसून नाही राहिलं."

मी डबा हातात धरूनच वाकून पाहिलं. "ते काय, त्या कोपऱ्यातून येऊन राहिले ना दोन."

"ते नाही व. ते चिकटलेली हवा हाये. ठेवा डबा अन् जा, ऊन झालं."

"चिकटलेली हवा एकदा सुटली का सुटली, भाऊजी. हे थांबून थांबून येऊन राहिले. याच्या मांगं कोनी तरी हाये."

तुम्ही असे पाहिले माझ्याकडं! मग जाळी काढली, तो कोपरा घासला, अन् सुईच्या टोकाएवढं छिद्र निघालं. त्या दिवशी तुम्ही जेवलेच नाहीत. मलाच विचारत बसले, तुम्हाला हे कसं कळलं.

आता त्यात काय विशेष होतं? माझा बाप कारध्याला नदीवर अन् तळ्यावर मासे धरायचा. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून डोंग्याच्या टोकाला बसून बुडबुडे पाहायची. चिखल उकरत जाणारा मासा ओळीनं बारीक बुडबुडे सोडतो, ओळ पुढं सरकते. सडलेल्या पानांचा वायू एकाच जागी भसकन येतो अन् मग दिवसभर काही नाही. मरळ वर येऊन हवा घेते अन् एकच मोठा सोडून खाली जाते. बाप म्हणायचा, पाण्यातलं काही दिसत नसते, पण ते श्वास घेते ना, तो दिसते. तुमच्या टाक्यातही तेच होतं. फक्त मासा नव्हता.

तेव्हापासून मी डबा घेऊन यायची ती संध्याकाळीच परत जायची. घरचे आधी कुरकुरले, मग सवय झाली. गिऱ्हाइकांना मात्र सवय व्हायला वेळ लागला. तो एक ट्रकवाला आठवतो? मला बॉनेटमध्ये डोकं घातलेलं पाहून म्हणाला, "उस्ताद, बाईले काय समजते याच्यातलं?" तुम्ही पाना खाली ठेवला नाही की आवाज चढवला नाही. म्हणाले, "मले समजत नाही ते तिले समजते. गाडी ठेवाची हाये तं ठेवा, नाही तं रस्ता मोकळा हाये." त्यानं गाडी ठेवली. मी त्या दिवशी तुम्हाला काही बोलले नाही. घरी जाऊन चुलीशी बसले अन् एकटीच हसले. हे तुम्हाला सांगायचं राहिलं ते तीस वर्षं राहिलं. आज सांगते.

तुमच्याकडून मी किती शिकले, त्याची काही मोजदाद नाही. जोड उघडला की आतली रबराची रिंग जुनी ठेवायची नाही, कितीही चांगली दिसो. नवी रिंग कोरडी बसवायची नाही, तेलाचं बोट लावायचं. जोड आवळताना दोन पाने, एक धरायला अन् एक फिरवायला, नाहीतर पाईप पिळतो अन् पुढच्या उन्हाळ्यात तिथूनच फुटतो. दाब दाखवणाऱ्या गेजवरून अन् वॉल्वच्या टोप्यांवरून इंग्रजीतली दोन अक्षरं शिकले, एच अन् एल. एच म्हणजे जोराच्या दाबाची बाजू, एल म्हणजे कमी दाबाची. माझं इंग्रजी तेवढंच, पण त्या दोन अक्षरांवर माझं सारं चाललं.

अन् सगळ्यात मोठं तुमचं एक वाक्य. उन्हाळा लागला की लोक यायचे, "उस्ताद, गॅस संपला, भरून द्या." तुम्ही म्हणायचे, "पेट्रोल जळते. गॅस जळत नाही, तो फिरून फिरून तिथंच येते. कमी झाला म्हनजे कुठून तरी गेला. कुठून गेला ते पाहू द्या, मंग भरतो." लोक वैतागून पुढच्या दुकानात जायचे. तिथं पाच मिनिटांत गॅस भरून मिळायचा. श्रावणापर्यंत तेच लोक आपल्या दारात परत. तुम्ही त्यांना कधी टोमणा मारला नाही. मी मारायची. "या, या, हवा खाऊन आले का?"

आपलं भांडण एकच, अन् ते पहिल्या दिवसापासून. तुम्ही सुईवाले, मी बुडबुडेवाली. तुम्ही गेज लावायचे, नायट्रोजनचा दाब भरायचे अन् काट्यासमोर बसायचे. "सुई खोटं बोलत नाही, वयनी." मी ब्रशनं जोडाजोडावर साबणाचा फेस लावत फिरायची. "सुई सांगते का कोनी तरी घरातून गेलं. कोन्या दारातून गेलं ते सांगते का?" एकदा मी फेस टिकावा म्हणून साबणाच्या पाण्यात साखर टाकली. फेस टिकला खरा, पण दुसऱ्या दिवशी गाडीच्या पाईपांवर मुंग्यांची रांग. तुम्ही पोट धरून हसले. "वयनी, आता तुमची गरज नाही. मुंग्याच दाखवतीन लीकेज." पुढं कोणीही आलं की तुम्ही ती गोष्ट सांगायचे अन् दरवेळी मुंग्या वाढायच्या. शेवटी शेवटी तर म्हणे मुंग्यांनी कंप्रेसर उचलून नेला होता.

अन् आता तुमच्या टोप्यांचं. याचं हसू येते अन् याचाच राग येते.

गॅस भरायच्या दोन तोंडांवर दोन छोट्या प्लास्टिकच्या टोप्या असतात. गेजच्या नळ्या लावायच्या तर त्या काढाव्या लागतात. तुम्ही काढायचे अन् हरवू नये म्हणून शर्टाच्या खिशात ठेवायचे. मग काम झालं की गाडी सुरू, एसी गार, गिऱ्हाईक खूश, तुम्ही खूश, अन् टोप्या खिशात. गाडी नागपूरला अन् तिची टोपी तुमच्या छातीवर! कमल म्हणायची, "यायचे कपडे धुतो तं बादलीत गाड्या निघते." मी ओरडून थकले. मग मीच एक सुपारीचा डबा केला अन् त्यात जुन्या-पुराण्या टोप्या साठवल्या. तुम्ही विसरले की मी त्यातली एक लावून द्यायची. तुम्ही विसरायचे, मी भरून काढायची. इतकं मुरलं होतं ते, की आपण दोघांनीही त्यावर बोलणं सोडून दिलं होतं. जुन्या संसारात जशा काही गोष्टी चालूनच राहतात, तसं.

हे टोप्यांचं ध्यानात ठेवा. पुढं लागेल.

मधुकरची ती सात सीटची गाडी. नदी कारध्याच्या अंगणात शिरली त्या पावसाळ्यात ती त्याच्या मेहुण्याच्या दारात उभी होती. दोन दिवस स्टिअरिंगपर्यंत पाण्यात. इंजिन कोणीतरी दुसऱ्यानं बांधलं, सीटा त्यानं स्वतः उन्हात वाळवल्या, अन् होळीच्या आधी ती आपल्याकडं आली. एसीचं काहीच धड नव्हतं. पाईपात गाळ, जाळीत गवत. कंप्रेसर उलटा केला तर त्यातून पाणी अन् एक मेलेला झिंगा निघाला. तुम्ही तो तळहातावर ठेवून मला दाखवला, "घ्या वयनी, माहेरचा मानूस."

लोक म्हणाले, एवढ्या जुन्या गाडीत एवढं कशाला करता? पण मधुकर आईला आठवड्यातून दोनदा अड्याळहून भंडाऱ्याला डायलिसिसला नेतो. येताना ती माउली गळून गेलेली असते. आपल्याकडचा वैशाख अन् बंद गाडी! तुम्ही म्हणाले, "ही गाडी नाही, बुढीची खोली हाये. नीट करू." अन् केली. एकेक पाईप धुतला, वाळवला. जाळी नवी, आतली ओल शोषणारा ड्रायर नवा, झाडून साऱ्या रिंगा नव्या, प्रत्येकीला तेलाचं बोट. कंप्रेसर तुम्ही चार दिवस मांडीवर घेऊन बसले होते, नातवासारखा. दाब भरला, दुपारच्या जेवणापासून दिवे लागेपर्यंत सुई ढिम्म हलली नाही. गॅस भरला. गाडीच्या आत अशी थंडी, की मधुकर म्हणाला, "उस्ताद, आता मायले स्वेटर घ्या लागते."

बारा दिवसांनी तो परत आला. एसी गरम.

गेज लावलं, आत काहीच नाही. दाब भरला. सुई ढिम्म. साबण लावला. एक बुडबुडा नाही. कुठून गेला ते न कळताच, त्या माउलीसाठी म्हणून पुन्हा गॅस भरला, पुन्हा गार, पुन्हा दहा-बारा दिवसांनी मधुकर दारात. भूतबाधा झाल्यासारखं. आपल्यासमोर गाडी गळत नव्हती, अन् आपल्या दारातून गेली की गळायची.

तिसऱ्यांदा आला त्या दिवसाचं मला लिहवत नाही, पण लिहिते.

आई मागच्या सीटवर होती. ओला पंचा डोक्यावर, डोळे मिटलेले. मधुकर तुम्हाला काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. तेच तुम्हाला लागलं.

तुम्ही म्हणाले, "कूलिंग कॉइल हाये. डॅशबोर्ड खोला लागते."

मी म्हटलं, "कॉइल नाही. कंप्रेसरचं सील हाये. दोन दिस पुरात होतं, मंग सहा महिने पडून होतं. सुकलं ते."

"सील असतं तं क्लचभोवती तेल उडालं असतं, वयनी. एक थेंब नाही."

"अन् कॉइल असती तं काचेवर तेलकट बसलं असतं. तेबी नाही."

"सुई पाहा ना. हलून राहिली का?"

अन् मी म्हटलं, मधुकरसमोर, त्याच्या आईसमोर म्हटलं, "सुई तुमाले दिसते तरी का आता? मांगच्या हप्त्यात जुनी रिंग नवी समजून लावून राहिले होते, मी होती म्हनून धकलं. आधी सोताचे डोळे दाखवा, मंग गाडीचं पोट फाडा."

तुम्ही पान्यावरचं तेल फडक्यानं पुसलं. पाना जागेवर लावला. कामाचा खाकी शर्ट काढून खिळ्याला अडकवला, बाहेर घालायचा चढवला. "मंग तुमीच पाहा, वयनी." आवाजात राग नव्हता, भाऊजी. राग असता तर मी दुसरं काही बोलून तो फोडला असता. स्कूटरचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत मी चहाच्या भांड्याकडं पाहत राहिले. तुमच्या वाटणीचा चहा मधुकरच्या आईला दिला, गाळून, अर्धा कप. तिला तेवढाच चालतो. मधुकर गाडी आपल्याकडंच ठेवून आईला बसनं घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दात घासायला ओट्यावर बसले ते तिथंच कलले. कमलची हाक मला आमच्या अंगणात ऐकू आली. पुढचं तुम्हाला सांगून काय करू, तुम्ही तर त्यातून मोकळे झाले.

सगळे म्हणतात, हृदयाचं आधीपासूनच होतं, दोन वर्षं गोळ्या चालू होत्या. कमलही म्हणाली, "जाऊबाई, तुमी मनाले लावून घेऊ नका. घरी आले तवा म्हनत होते, वयनी आज लयच तापल्या. अन् हसले." हसले म्हणते. मी तिला तीनदा विचारलं, खरंच हसले का? तिसऱ्यांदा ती चिडली. तरी मला वाटते, ती माझ्यासाठी म्हणते.

तेरवीनंतर चौथ्या दिवशी शटर उघडलं. मधुकरची गाडी तशीच उभी, बॉनेट वर, तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसासारखी. मी थोडा गॅस अन् वर नायट्रोजनचा दाब भरला अन् काम सुरू केलं.

खरं सांगू? आधी मला वाटत होतं, सील निघावं. म्हणजे मी खरी. मग लाज वाटली, म्हटलं कॉइल निघू दे, म्हणजे भाऊजी खरे, अन् मी आयुष्यभर म्हणेन की शेवटचं ते बरोबर बोलले होते. गळती शोधणाऱ्यानं असं मनात धरून बसू नये. तुम्हीच सांगायचे, ठरवून पाहायला गेलं की तेच दिसते. पण तुम्ही नव्हते सांगायला.

कॉइलचं पाणी बाहेर टाकणारी नळी असते ना खाली, तिच्या तोंडाशी तो गॅसचा वास घेऊन टीं-टीं करणारा यंत्रातला कुत्रा धरला. डॅशबोर्ड न खोलता कॉइलचं कळायला तो बरा. अर्धा तास धरला. गप्प. मग कंप्रेसरच्या सीलवर फेस लावला, क्लच हातानं फिरवून फिरवून. काही नाही. म्हणजे तुम्हीही नाही, मीही नाही. सुई तिकडं ढिम्म. मला वाटलं, आता हे माझ्यानं होत नाही. डबा सोडला, दोन घास खाल्ले, बांधून ठेवला.

दुपारी तीनचा सुमार असेल. म्हटलं, आज गेज काढून ठेवू, बाकी उद्या. एचच्या बाजूची नळी ओढून काढली. हात साबणाचेच होते. नळी सुटताना बोटावरचा फेस त्या उघड्या तोंडावर ओघळला.

एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. फुटला.

मी हललेच नाही. श्वास धरला. मनात दहा मोजले. दुसरा आला. फुटला. पुन्हा तेवढंच थांबून तिसरा.

थांबून थांबून, भाऊजी. पहिल्या दिवसासारखा.

मी स्टुलावर बसले अन् मोठ्यानं म्हटलं, "अरे देवा, हे तं आमच्याच हाताखाली होतं!" तुम्हाला आता सांगायला नको, पण सांगते, कारण मलाच ते पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटते. त्या तोंडात बारीक पिनेचा वॉल्व असतो. आपण नळी लावली की ती पिन दाबलेली राहते अन् तोंड नळीच्याच रिंगनं बंद होते. म्हणजे आपण गेज लावून बसलो तोपर्यंत तिथून काही जाणारच नाही. सुई कशाला हलेल? ती खरंच बोलत होती. नळी काढली की मग त्या पिनेनं स्वतःच्या जोरावर तोंड धरायचं. अन् हिच्या रबराला पुरातल्या रेतीचा एक कण चरा पाडून गेलेला. बाकी सारं आपण नवं घातलं होतं. ही पिन तेवढी जुनी राहिली, कारण तिच्यावर तर आपला हात असायचा. तिसऱ्यांदा तुम्ही सुईकडं पाहत होते अन् मी जोडांकडं, अन् दोघंही ज्या जागेला धरून उभे होतो तीच जागा कोणी पाहिली नाही.

पण पिन खराब असली तरी वर टोपी असते. गाडीच्या असल टोपीच्या आत रबराची चकती असते, ती असा बारीक श्वास दाबून धरते. मी गाडीच्या फेंडरवर पाहिलं. होळीपासून तिच्यावर बसत होती ती काळी टोपी तिथं पडलेली होती. उलटी करून पाहिली. आत चकती नाही. रिकामी. नुसती धूळ अडवायची. ती माझ्या सुपारीच्या डब्यातली होती, भाऊजी. मी लावलेली.

तुम्ही असल टोपी खिशात टाकली अन् मी तिच्या जागी पोकळ लावली, अन् दोघंही कामाला लागलो, जसं तीस वर्षं लागत होतो. आपली चूक कोणा दुसऱ्याला करता आली नसती. त्यासाठी इतकी वर्षं सोबत काम करावं लागते.

मग मी खिळ्याकडं पाहिलं. तुमचा खाकी शर्ट. कमल दोनदा न्यायला आली होती, मी म्हटलं होतं, राहू दे. मी त्याला हात लावला नव्हता. लावला. खिशात सुपारीचं खांड, पेन्सिलीचा तुकडा, अन् तळाशी टोप्या. सात. गॅरेजच्या तेलाचा अन् तुमच्या घामाचा वास. त्यातल्या दोघींवर एच होतं. पहिली फिरेना. दुसरी धरली अन् ती त्या तोंडावर अशी बसली, शेवटच्या आट्याला थोडी जड. आत चकती शाबूत.

मी तिथंच थोडं रडून घेतलं. मग टोपी परत काढली, जुनी पिन काढली, नवी बसवली, तेलाचं बोट लावून. ओल काढली, गॅस भरला. नळ्या काढल्यावर दोन्ही तोंडांवर साबणाचा थेंब ठेवला अन् शंभर मोजले. आता प्रत्येक गाडीला हे करते. तुम्ही असते तर आपण हे शिकलो असतो की नाही कोण जाणे. तुम्ही डॅशबोर्ड फाडला असता, मी कंप्रेसर, अन् शेवटी तुम्हीच कधीतरी खाली वाकून म्हटलं असतं, "वयनी, हे काय?"

मधुकरला सांगितलं, दहा दिवस चालव अन् मग ये. त्यानं हो म्हटलं, पण त्याला भरवसा नव्हता, हे त्याच्या मानेवरून दिसत होतं.

आज सकाळी आला. अकराचं ऊन, हायवेवरचं डांबर चकाकत होतं. मी शेडातूनच पाहत होते. गाडीच्या काचा वर. त्यानं दार उघडलं तशी थंड हवा माझ्या पायांपर्यंत आली. मागं त्याची आई, अंगावर शाल, अन् मला पाहताच ओरडली, "अवं बाई, सांग ना माह्या पोराले हे बंद कराले! हाडं गारठून राहिले. हा म्हनते, उस्तादाचं काम हाये, चालूच ठेवतो."

मधुकर खाली पाहत हसत होता. म्हणाला, "काकू, होतं कुठं?"

मी म्हटलं, "उस्तादाच्या खिशात."

त्याला वाटलं, मी मस्करी करून राहिले. वाटू दे. मी गेज लावलं नाही. टोपीला हात लावला नाही. त्याला म्हटलं, तेरवीच्या पंगतीत 'आखरी काम फसलं' म्हणणारा अड्याळच्या बाजारात भेटला तर त्याला गाडीत बसव अन् भंडाऱ्याच्या पुलापर्यंत नेऊन आण, काचा लावून.

डोळ्यांचं बोलले ते चुकलं, भाऊजी. माणसांसमोर बोलले ते जास्त चुकलं. तुम्ही हसले असाल तर बरं. नसाल हसले तर हे वाचून हसा.

सुपारीचा डबा मी टाकून दिला. तुमच्या खिशातल्या बाकीच्या सहा टोप्या तशाच खिशात ठेवल्या आहेत, शर्ट खिळ्यालाच आहे. त्या सहा गाड्या कुठं तरी चालत असतील. कोणाची कोणती, ते तुम्हालाच माहीत.

तुमची,
वयनी